पोपट सरांची अदिश राशी

आमच्या खोडदमध्ये पत्ता कुणालाही विचारा, फक्त पोपट सरांना विचारू नका. मागं एका पाहुण्यानं त्यांना विचारलं, इथली ती मोठी रेडिओ दुर्बीण किती लांब आहे? सर म्हणाले, दोनेक किलोमीटर. पाहुण्यानं गाडी थेट नारायणगावच्या रस्त्याला घातली. तो उलटा गेल्याचं मी सरांना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "त्यानं अंतर इचारलं, भाऊ. अंतर अदिश असतं, नुसता आकडा. दिशा पायजे व्हती तर तसं इचारायचं."

सर हायस्कुलात गणित शिकवायचे. नोकरी संपली, अदिश राशी काही संपली नाही. ताप, वजन, वय हे सगळे अदिश. किती तेवढं सांगायचं, कुठं ते विचारायचं नाही. वारा मात्र सदिश, त्याला दिशा लागते. त्यांचा मेहुणा अंगानं दांडगा आणि कामाला शून्य. सर त्याच्या तोंडावर म्हणायचे, "परिमाण लई, दिशा न्हाई." कौतुक समजून तो ते चारचौघांत सांगत फिरायचा.

त्यांची पुतणी पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते. तिनं सांगितलं, आमच्यात एका नावाखाली एकच किंमत ठेवली तर ते अदिश, अख्खी यादी ठेवली तर मग ते अदिश राहत नाही. सरांनी त्याच दिवशी घरातला मसाल्याचा डबा मोडीत काढला. हळद, मोहरी, मीठ, साखर, सगळ्यांना वेगवेगळे डबे, पण दिसायला एकसारखे. त्यांच्या बायकोनं, इंदूकाकूंनी, संध्याकाळी चहात मीठ घातलं. सरांनी तो निमूट संपवला.

गेल्या वर्षापासून काकूंना विसर पडायला लागलाय. दुपारी उठतात आणि माहेरी, शिनोलीला निघतात. तिथं आता त्यांचं कुणी उरलेलं नाही. लोकांनी सुचवलं, दाराला कुलूप घाला. सरांनी घातलं नाही. काकू जातील तिकडं ते मागं मागं चालतात, काकूंच्या चपला हातात घेऊन.

परवा दोघं मला कांद्याच्या वावरात दिसले. काकू बांधावर टेकल्या होत्या आणि सर त्यांच्या तळपायातला काटा काढत होते. गाडीवरून घरी सोडतो म्हटलं, तर त्यांनी मला हातानंच थांबवलं.

"शिनोली आली का वो?" काकूंनी विचारलं.

"आली की," सर म्हणाले. "पाय धुऊन घे, मंग आत जाऊ."

आणि पाटातलं पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी हळूच काकूंच्या पायांवर सोडलं.