मेश्राम चौकाला येणार का?

आमचे शेजारी देवतळे काका ऑटोला हात दाखवायचे, "मेश्राम चौक" म्हणायचे, आणि ड्रायव्हरने "वो कहाँ पड़ेगा, बाबूजी?" विचारलं की हात झटकून चालू लागायचे. स्टेशनपासून थेट आमच्या चौबे कॉलोनीपर्यंत, भर मे महिन्यात, पिशवीसकट. मेश्राम चौक नावाचा चौक रायपुरात नव्हताच.

मेश्राम सर हे काकांचे कॉलेजातले तत्त्वज्ञानाचे मास्तर. काकांच्या मते जगातल्या पहिल्या पाचांतले विचारवंत. पुस्तक मात्र एकही नाही. मी एकदा डिवचलं, "मग त्यांना कोणी ओळखत कसं नाही?"

"काहून ओळखीन? अकलेनं कोणी अमर होते का रे, पोट्ट्या? ज्याचे चेले भांडकुदळ, तो अमर! बाकीचे नुसते मास्तर!"

मी नोकरीला लागलेला बाप्या, तरी त्यांच्या लेखी पोट्टाच.

शहर राजधानी झालं आणि चौकाचौकाला नावं मिळू लागली. आमचा चौक तेवढा बिननावाचा राहिला. काकांनी अर्ज केले, उत्तर नाही. मग त्यांनी पत्र्यावर स्वतःच 'मेश्राम चौक' रंगवून पाटी खांबाला बांधली. पालिकेची माणसं ती काढून नेत, काका दुसरी लावत. "न्या, न्या! पलंगाखाली अजून सात आहेत!" असं वर ऐकवत. मला हा निव्वळ हेकटपणा वाटायचा.

एकदा आम्ही दोघं गावाहून परतलो. स्टेशनबाहेर काकांनी नेहमीचा पत्ता सांगितला. ड्रायव्हर हसला, "हव, देवतले चौक बोलो न! वो पाटी वाले बाबूजी का चौक. सब जानते हैं."

मी पोट धरून हसलो. काका मात्र मटकन पिशवीवरच बसले.

"चेल्यानंच गुरूले खाल्लं रे," ते म्हणाले. "वर्गात मी एकटाच होतो. तरी सर रोज रजिस्टर उघडून माझं नाव मोठ्यानं पुकारायचे. मी 'हजर' म्हटल्याबिगर शिकवायचे नाही. तीन वर्षं! आन् मी त्यांच्या चौकाले माझंच नाव लावून बसलो."

त्यांचे डोळे भरून आले. मला माझ्या हसण्याची लाज वाटली. मीच पुढच्या ऑटोला हात केला.

"मेश्राम चौक."

"वो कहाँ पड़ेगा, भैया?"

मी हात झटकला, काकांची पिशवी खांद्यावर टाकली आणि चालू लागलो. ऊन मरणाचं होतं. काका मागून धापा टाकत आले आणि माझ्या बरोबरीनं चालू लागले.

"दोन झाले," ते म्हणाले.