सोमवारी सहाच्या आत

लोवेल ऑस्ट्रँडरने शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक उघडला, स्कीइंगच्या पासच्या पानावर आपले नाव, जन्मतारीख आणि पत्ता भरला आणि ‘खरेदी करा’ या बटणापाशी येऊन तो पाऊण तास थांबला. कॉफी निवून गेली. समोर त्याची बायको व्हर्ना पावाला लोणी लावत होती. एकाच तुकड्याला तिने तीनदा लोणी लावले.

“दाब की,” ती म्हणाली.

“बघतो.”

“बघण्यासारखं काय आहे त्यात? पंधरा वर्षं तेच बटण आहे.”

बटण तेच होते. रिजलाइन कंपनीचा पास एकदा घेतला की तिच्या तीस डोंगरांवर हिवाळाभर हवे तितके स्कीइंग करता येई. अट एवढीच, की तो बर्फ पडण्याच्या आधी घ्यावा लागे आणि घेतल्यावर परत होत नसे. सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी, अमेरिकेच्या कामगार दिनी, संध्याकाळी सहा वाजले, की त्याची किंमत इतकी चढे की निवृत्त माणसाने तिकडे बघूही नये. थोडक्यात, फेब्रुवारीत आपण काय करत असू हे माणसाने सप्टेंबरातच छातीठोकपणे सांगावे, अशी कंपनीची अपेक्षा असे. एरवी लोवेल ते सांगतही असे. या वर्षी मात्र मे महिन्यापासून त्याचा खोकला हटत नव्हता, आणि ऑगस्टमध्ये त्याच्या उजव्या फुप्फुसात अक्रोडाएवढी एक सावली दिसली होती. बुधवारी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. निकाल मंगळवारी मिळणार होता.

सोमवार मंगळवारच्या आधी येतो, ही लोवेलची अडचण होती.

पानाच्या तळाशी ‘अनिश्चित काळात निश्चिंत राहा’ अशा ठळक अक्षरांखाली विम्याची एक चौकट होती. कोरोनाच्या साथीच्या वर्षी मार्चमध्येच सगळे डोंगर बंद झाले आणि लोकांनी पैशांसाठी आरडाओरडा केला, तेव्हापासून ती तिथे आली होती. आजारपणामुळे हंगाम बुडाला तर पैसे परत. त्याआधी एकच प्रश्न विचारला होता: ‘आपला हंगाम चुकू शकेल असा कोणताही आजार आपल्याला आज ठाऊक आहे का?’ पुढे दोनच गोल होते. हो, किंवा नाही.

लोवेलने एकतीस वर्षे काउंटीच्या सरकारी मोजणी खात्यात जमिनी मोजल्या होत्या. अंदाजाने त्याने कधी एक खुंटी ठोकली नव्हती. त्याने मदतकेंद्राला फोन लावला. शेल्बी नावाच्या एका उत्साही मुलीने तो घेतला.

“सर, प्रश्न अगदी सोपा आहे. तुम्हाला काही आजार आहे का?”

“ते मंगळवारी कळेल.”

“म्हणजे आज नाहीये.”

“असला तर आजही आहेच. मंगळवारी आजार येणार नाहीये, बातमी येणार आहे.”

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला आणि थांबला. “पण तुम्हाला ठाऊक नाही ना, सर?”

“ठाऊक नाही, हे मला ठाऊक आहे.”

“मग ‘नाही’वर खूण करा.”

“आणि उद्या मी पैसे मागितले की तुमची माणसं तारखा बघणार. तपासणी बुधवारी, खरेदी शुक्रवारी. म्हणणार, म्हातारा खोटारडा निघाला.”

“मग ‘हो’वर करा.”

“केलं तर?”

“तर विमा मिळत नाही, सर.”

“म्हणजे गाठ साधी निघाली, तर मी ठणठणीत असून तुमच्या दफ्तरी आजारी.”

शेल्बीने वरिष्ठांना विचारते असे सांगितले आणि सात मिनिटे बर्फगाडीच्या घुंगरांचे आनंदी संगीत वाजले. मग ती परत आली. “सर, वरिष्ठ म्हणतात, तुम्हाला ठाऊक नाही असं डॉक्टरांकडून लिहून आणा.”

लोवेलने डॉक्टरांकडे फोन केला. तिथली नर्स मनाने चांगली होती. तिने सगळे ऐकून घेतले. “मिस्टर ऑस्ट्रँडर,” ती म्हणाली, “रुग्णाला काय ठाऊक आहे ते आम्ही लिहून देऊ शकतो. काय ठाऊक नाही ते कसं लिहून देणार? आम्हालाच ठाऊक नाही.”

त्याने फोन ठेवला, तोच तो वाजला. गस पाचेको होता.

गस, एमेट लिंडक्विस्ट आणि लोवेल हे तिघे दर शनिवारी एकाच गाडीतून डोंगरात जात. डेन्व्हरच्या पश्चिमेला राहणाऱ्या माणसांना एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही: एका गाडीत एकच पास. डोंगर दोन कंपन्यांनी वाटून घेतले आहेत. अर्धे रिजलाइनचे, अर्धे बोनान्झाचे; आणि एका कंपनीच्या पासने दुसरीच्या लिफ्टजवळचा कठडासुद्धा ओलांडता येत नाही. त्यामुळे पास बदलणे म्हणजे माणसे बदलणे असते. पास घेऊन टाका म्हणून उरलेल्या दोघांच्या मागे मे महिन्यापासून तगादा लावण्याचे काम पंधरा वर्षे लोवेलचे होते. ते दोघे आळशी होते आणि शेवटच्या सोमवारपर्यंत थांबत. पण लोवेलचा पास जूनमध्ये आलेला असे.

“सप्टेंबर उजाडला,” गस म्हणाला. तो निवृत्त प्लंबर होता आणि फोनवरही नळाखाली वाकून बोलल्यासारखा ओरडे. “तुझा एक निरोप नाही, फोन नाही. घेतलास का?”

“अजून नाही.”

“का?”

“ठरलं नाही.”

“ठरायचं काय त्यात? बर्फ पडतं, आपण जातो.” गस थांबला, आणि त्याच्या आवाजाला धार आली. “थांब. त्या तुझ्या शेजाऱ्याच्या गाडीवर बोनान्झाचा स्टिकर आहे.”

“असेल.”

“गेल्या महिन्यात तू त्याच्या कुंपणाशी उभा होतास. एमेटने बघितलंय. अर्धा तास!”

“त्याचं कुंपण पडलं होतं, गस.”

“फितवलं तुला! लोवेल, खरं सांग, बोनान्झा घेतोयस?”

आता लोवेलने खरे सांगायला हवे होते. पण त्याला रॉय टिलमन आठवला. तीन वर्षांपूर्वीपर्यंत गाडीत चौथा रॉय होता. त्याला स्वादुपिंडाचा आजार असल्याचे कळले, आणि त्या दिवसापासून सगळ्यांचे आवाज खाली आले. ज्या गसने दहा वर्षे रॉयला ‘ठोकळा’ म्हटले, तो त्याला ‘छान दिसतोयस’ म्हणू लागला. शेवटच्या आठवड्यात ओसरीवर बसून रॉय म्हणाला होता, “लोवेल, तीन महिने झाले, माझ्याशी कुणी भांडलेलं नाही रे.” लोवेलने त्याचा हात थोपटला होता. भांडला तोही नव्हता.

“माझं अजून ठरलेलं नाही,” तो फोनमध्ये म्हणाला.

“गद्दार!” गसने फोन आपटला.

लोवेलच्या चेहऱ्यावर किंचित हसू होते. व्हर्नाने ते पाहिले, आणि तिला त्याचे काही बरे वाटले नाही.

शनिवारी एमेट आला. तो गणिताचा शिक्षक होता. भांडण त्याला जमत नसे, म्हणून त्याने एक तक्ता करून आणला होता. “हे बघ,” तो दु:खी स्वरात म्हणाला, “बोनान्झाच्या लिफ्टला सरासरी बावीस मिनिटं रांग. आपल्याकडे नऊ. हंगामाला तुझे अकरा तास जातात, लोवेल. अकरा! तुझ्या आयुष्यातले.”

“अकरा तास,” लोवेल म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. हिशेब आपल्या बाजूने लागला असे एमेटला वाटले.

रविवारी प्रार्थनेनंतर गसने त्याच्याकडे पाठ फिरवली. दुपारी किराणा दुकानात एका अनोळखी माणसाने खांद्यावर हात ठेवून ‘आमच्यात आलात, बरं केलंत’ असे त्याचे अभिनंदन केले. शेजाऱ्यापर्यंत बातमी पोचली होती आणि शेजाऱ्याने ती सगळ्या बोनान्झावाल्यांना सांगितली होती.

“पुरे आता,” व्हर्ना गाडीत बसल्यावर म्हणाली. “गाव तुला फितूर म्हणतंय आणि तू मान डोलावतोयस. सांगून टाक त्यांना.”

“फितूर म्हणू दे.”

“का पण?”

“फितुराला शिव्या देतात, व्हर्ना. आजाऱ्याला उशी देतात.”

चौकातला सिग्नल हिरवा झाला तरी तिने गाडी हलवली नाही. मागच्याने भोंगा वाजवला. “आणि मी?” ती म्हणाली. “मी कुणाला शिव्या देऊ?”

“सिग्नल हिरवा झालाय,” तो म्हणाला.

कामगार दिनाच्या सोमवारी गसच्या परसात दरवर्षी मांस भाजण्याचा कार्यक्रम असे. व्हर्नाने बटाट्याचे सॅलड केले आणि दोघे गेले. गसच्या बायकोने, डोलोरेसने, सगळ्यांना हिरव्या मिरचीचा रस्सा वाढला. लोवेलच्या ताटाशी आल्यावर तिची पळी भांड्यात तशीच राहिली. “बोनान्झावाल्यांना तिखट सोसत नाही म्हणतात,” ती म्हणाली. गस जाळापाशी उभा राहून चिमट्याने मांस उलटत होता आणि त्याच्याकडे बघत नव्हता. लोवेल कोपऱ्यात कोरडे मांस चावत बसला. ते त्याला बऱ्यापैकी रुचले.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी तो उठला आणि गसच्या गॅरेजमध्ये गेला. तिथे हत्यारांच्या फळीखाली उभे राहून त्याने फोनवर पासचे पान उघडले. आधी ‘नाही’वर बोट नेले, मग ‘हो’वर नेले. शेवटी विम्याची चौकटच रिकामी सोडली. ज्याला खरे उत्तर नाही त्या प्रश्नाचे उत्तर त्याने दिले नाही. बटण मात्र दाबले. हिवाळा आपला आहे की नाही, हे मंगळवारी कुणीतरी सांगणार होते. सोमवारी तो मागून ठेवायला काय हरकत, एवढाच त्याचा विचार होता. पडद्यावर हिमकण उधळले आणि ‘अभिनंदन, लोवेल!’ अशी अक्षरे आली.

तो परसात परतला. “घेतला,” त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. “रिजलाइन. नेहमीचाच. आता वाढ मला रस्सा, डोलोरेस.”

कुणी हलले नाही. गसच्या हातातला चिमटा तसाच वर राहिला.

“काय घेतलास?”

“रिजलाइन.”

गसने एमेटकडे पाहिले. एमेटने जमिनीकडे पाहिले. “आम्ही दुपारी बोनान्झा घेतला,” एमेट म्हणाला. “दोघांनीही.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे?” गस फुटला. “गाडी कुणाची आहे? मला मोतीबिंदू, हा बोगद्यात शिरला की घोरतो! घाटात चालवणारा तू एकटा! तू तिकडे चाललास म्हटल्यावर आम्ही काय इथे गवत बघत बसायचं? प्रेमाने नाही घेतलेला, गाडीसाठी घेतलाय! परत होत नाही तो! आणि तू... तीन दिवस तोंड शिवून बसलास! एक शब्द बोलला असतास तर! का नाही बोललास?”

लोवेलने व्हर्नाकडे पाहिले. ती सॅलडचे रिकामे भांडे पोटाशी धरून उभी होती. मान हलवून तिने ‘सांग’ म्हटले.

त्याने सांगितले. उजवे फुप्फुस, बुधवारचा तुकडा, उद्याचा निकाल. मोजणीचा अहवाल वाचावा तसे त्याने ते चार वाक्यांत संपवले.

मग त्याला ज्याची भीती होती ते त्याच्या डोळ्यांदेखत घडू लागले. एमेटने खुर्ची आणली. शेजारच्या टेबलावरचे आवाज खाली गेले. डोलोरेसने एप्रनला हात पुसत त्याच्यासमोर काठोकाठ भरलेली रश्श्याची वाटी ठेवली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “बस, बाबा,” ती मऊ आवाजात म्हणाली, “उभा राहू नकोस.” लोवेल बसला. त्याने चमचा उचलला नाही. गसने चिमटा खाली ठेवला. जाळावर मांस करपत होते, आणि तिकडे कुणी बघत नव्हते.

सहा वाजले. दोन्ही कंपन्यांच्या किमती वाढल्या.

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी सांगितले, की सावली साधी नव्हती. गुरुवारी पुढच्या तपासण्या, मग शस्त्रक्रिया, मग हिवाळाभर औषधे. त्यांनी हे हळू आवाजात, पुढे झुकून सांगितले. नर्सने पाण्याचा पेला दिला. लोवेलने सगळ्यांचे आभार मानले. वाहनतळावर येऊन दोघे गाडीत बसले. व्हर्नाने किल्ली फिरवली नाही. दोघेही समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

फोन वाजला.

“काय म्हणाले?” गसने विचारले. इतक्या हळू, की लोवेलने फोनवरचे नाव पुन्हा एकदा पाहिले.

“आहे.”

“किती?”

“दुसरा टप्पा म्हणतायत. शस्त्रक्रिया करतील.”

लोवेलने डोळे मिटले. आता ‘छान दिसतोयस’ येईल, फोनवरसुद्धा येईल, अशी त्याची खात्री होती. गसने घसा साफ केला. पुन्हा एकदा साफ केला.

“आणि विमा?”

“नाही घेतला.”

“नाही घेतलास?”

“प्रश्नच चुकीचा होता, गस. उत्तर ठाऊक नसताना—”

“अरे महामूर्खा!” गसचा आवाज पूर्ववत फुटला, फक्त मध्ये कुठेतरी चिरकला. “सगळं जग ‘नाही’वर खूण करतं! तू म्हणजे काय जगाची जमीन मोजायला जन्मलास? आम्ही दोघं त्या दळभद्री बोनान्झाच्या रांगेत बावीस-बावीस मिनिटं उभे राहणार, तू घरी झोपणार, आणि तुझा पास पडून सडणार! आणि गाडी? गाडीचं काय?”

“माझी गाडी तुला मिळणार नाही,” लोवेल म्हणाला. “तू क्लच जाळतोस.”

“मी क्लच जाळतो? मी?”

“ओरडू नकोस.”

“मी ओरडत नाहीये!” गस ओरडला.

व्हर्नाला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. तिने रुमालाने नाक पुसले आणि गाडी सुरू केली. लोवेलने फोन दुसऱ्या कानाला लावला, सीटचा पट्टा ओढून घेतला आणि नीट टेकून बसला.

“हं,” तो म्हणाला, “पुढे बोल.”