गबरूचे पाय कुणी सरळ केले?

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांचे पाय जमिनीला टेकत होते. ते सरळ टेकतात की वाकडे, हे मात्र कुणी खाली वाकून पाहिलं नव्हतं. त्यामुळे जंगल अडाणी होतं आणि मजेत होतं.

तिथे भागीरथी नावाची अस्वलीण राहायची. तिला जुळी पिल्लं होती. मुलगा गबरू आणि मुलगी झिपरी. गबरू आज्ञाधारक होता. झिपरी नव्हती. दोघांची पावलं चालताना आत वळायची. कधी कधी स्वतःच्याच पायात पाय अडकून ती पडायची, उठायची आणि पुन्हा पळायची.

अस्वलांत एक रीत होती. चौथ्या चैत्रात प्रत्येक पिल्लानं नदीकाठच्या अर्जुनाच्या झाडावर एकट्यानं चढायचं आणि आपलं पहिलं पोळं आपण काढायचं. गबरू रोज त्या झाडाखाली जाऊन वर बघायचा. झोपेतसुद्धा त्याचे पंजे चढत असायचे.

एक दिवस शेजारची ससीण म्हणाली, "अगंबाई, यांची पावलं आत वळतात की! कुणाला दाखवलंस का नाही?"

झालं. भागीरथीच्या तोंडचं पाणी पळालं. ती पिल्लांना घेऊन दोन डोंगर उतरली आणि तान्हूबाईकडे गेली. तान्हूबाई म्हणजे जंगलाची म्हातारी सुईण, जातीची साळिंदर.

तान्हूबाईनं पिल्लांना पालथं झोपवलं. गुडघे दुमडले. पाय आत-बाहेर फिरवून पाहिले. गुदगुल्या झाल्या म्हणून झिपरी तिला चावायला गेली आणि काटे पाहून परत आली.

"मांडीचं हाड जरासं आत पिळलंय," तान्हूबाई म्हणाली. "दोन्हीकडं सारखंच. दुखत नाही, लंगडत नाहीत. वाढतील तसा पीळ सुटंल. एकच पाय वळला, न्हाईतर दुखाया लागला, तर मात्र लगोलग आण."

"आणि औषध?"

"वाट बघायची."

"दिवसातून किती वेळा?"

"दिवसभर."

भागीरथी हिरमुसली. एवढी पायपीट करून हातात काहीच पडलं नाही. ससीण विचारेल तेव्हा दाखवायचं काय?

त्याच सुमारास तळ्यापलीकडून डॉक्टर ताठे आले होते. ते बगळे होते. त्यांनी नदीकाठच्या ओल्या चिखलात 'सरळ पाऊल केंद्र' काढलं होतं. रुग्णानं चिखलातून चालायचं, डॉक्टरांनी ठसे मोजायचे. सरळ पाऊल म्हणजे बगळ्याचं पाऊल, असं तिथे ठरलेलं होतं. कारण मोजपट्टी बगळ्याकडे होती. ते स्वतः बहुतेक वेळ एकाच पायावर उभे असत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

भागीरथी पिल्लांना तिथे घेऊन गेली. डॉक्टरांनी त्यांचे ठसे पाहिले आणि चोच हलवली. "फार उशीर केलात, भागीरथीबाई."

हे ऐकून भागीरथीला बरं वाटलं. अखेर कुणीतरी तिच्या काळजीला मान दिला होता.

"आणि हे मोठे ठसे कुणाचे?"

"माझेच की."

"तुमचेही आत वळतात! आता तुमच्या वयात हाड कापून फिरवण्यावाचून इलाज नाही."

भागीरथी आयुष्यभर झाडांवर चढली होती, तिनं वाघाला पळवून लावलं होतं. पण त्या संध्याकाळपासून तिचे गुडघे दुखू लागले.

पिल्लांच्या पायांना बांबूच्या कामट्या बांधल्या गेल्या, वेलीनं घट्ट. तीन वर्षं काढायच्या नाहीत. चढणं बंद, उड्या बंद.

झिपरीनं पहिल्याच दिवशी वेल खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुसरी खाल्ली. आठवडाभरानं डॉक्टरांनी वहीत लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही', आणि तिचा नाद सोडला.

गबरूनं सहकार्य केलं. तो अर्जुनाखाली बसून राहायचा. वर झिपरी फांद्यांवरून धुडगूस घालायची. "आई, थोडाच वेळ सोड ना गं," तो म्हणायचा. "तुझ्याच भल्यासाठी आहे, बाळा," असं म्हणून भागीरथी गाठ आवळायची आणि मग तोंड फिरवून डोळे पुसायची. मला तिचा राग येतो आणि येतही नाही.

चौथा चैत्र आला. कामट्या सुटल्या. सगळं जंगल जमलं. गबरू चिखलातून चालला. पावलं सरळ! म्हणजे अस्वलाची जेवढी असायला हवीत तेवढी. टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरांना शाल आणि नारळ मिळाला.

इतक्यात झिपरी तिथून पळत गेली. ससीण ओरडली, "अहो, हिचीही सरळ झालीत! हिला तर कामट्या नव्हत्या!"

डॉक्टर क्षणभर दुसऱ्या पायावर उभे राहिले. "भावाच्या कामट्या रोज पाहत होती ना," ते म्हणाले. "उपचार किती प्रभावी आहेत, बघा."

पुन्हा टाळ्या झाल्या.

झिपरी सरसर अर्जुनावर चढली. गबरूनंही खोडाला मिठी मारली. हातभर वर गेला आणि घसरला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. तीन वर्षं न चढलेले पाय चढणं विसरले होते.

"डॉक्टर," तो हळूच म्हणाला, "पाय सरळ झाले. आता चढायचं कसं?"

"चढण्याचा विभाग आमच्याकडे नाही," डॉक्टर म्हणाले आणि शाल सावरली.

 भागीरथीनं त्या एवढ्या थोराड पोराला तान्ह्यासारखं पाठीवर घेतलं आणि आपल्या आत वळलेल्या पावलांनी ती झाडावर चढली. थेट पोळ्यापर्यंत. गुडघे दुखायचे राहूनच गेले.

"चुकलं रे माझं," ती वर पोचल्यावर म्हणाली.  गबरूचं तोंड मधानं भरलं होतं. रीत मात्र मोडली होती. पहिलं पोळं त्यानं आपलं आपण काढलं नव्हतं.

खाली डॉक्टरांनी वहीत नोंद केली, 'आईचेही गुडघे बरे.'

तात्पर्य: मुलाचे पाय आपोआप सरळ होणार असतील, तर उपचार ताबडतोब सुरू करावेत. उशीर झाला, तर ते कुणी सरळ केले हे सांगता येत नाही.