न उठणारा जावई

"माणूस आणि यंत्र यांच्यात जोवर फट आहे, तोवर मानवजातीची प्रगती खुंटलेलीच राहणार!"

कुबानने हे जाहीर केलं तेव्हा त्याच्यात आणि त्याच्या यंत्रात फट अजिबात नव्हती. तो शेजारणीच्या बटाट्याच्या वाफ्यात आडवा पडला होता, सायकल त्याच्या अंगावर होती आणि दोन्ही बूट पेडलांना घट्ट चिकटलेले होते.

"प्रगती झाली असेल तर उठा," कुंपणाला टेकून त्याची बायको नुर्झान म्हणाली. "बटाटे दबताहेत."

कुबान कोच्कोर गावच्या शाळेत भूगोल शिकवायचा आणि उरलेल्या वेळात त्या भूगोलावर सायकल चालवायचा. ही नवी पेडलं त्याने राजधानी बिश्केकहून मागवली होती. बुटाच्या तळाला एक जिभली, ती पेडलात खट्ट बसते. सोडवायचं तर टाच बाहेर वळवायची, बस्स. पण कुबानची अडचण बुद्धीत नव्हती, रक्तात होती. धड चालता येण्याआधी तो घोड्यावर बसला होता, आणि रिकिबीतून पाय काढतात तो सरळ मागे ओढून. त्यामुळे संकट दिसलं की त्याचा पाय मागे ओढला जाई, तोंडातून घोडा थांबवायचा 'द्र्र्र' निघे, आणि सायकल ही अशिक्षित असल्यामुळे तिला यातलं काही कळत नसे.

इतर कुठल्याही दिवशी ही गंमत होती. पण आज सासऱ्यांची सत्तरी होती.

गेल्या उन्हाळ्यात उतारावरून सुसाट येताना कुबानने सासऱ्यांना, म्हणजे तोलोगोनना, लांबूनच हात हलवून सलाम ठोकला होता. उतरला नव्हता. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोरून खाली न उतरता पुढे जातो तो एकतर राजा असतो किंवा गाढव, आणि कुबान राजा नाही हे तोलोगोनना लग्नातच कळलं होतं. त्यांनी बोलणं टाकलं. पंगतीत जावयाच्या ताटात मानाने पडायचं ते छातीचं हाड बंद झालं आणि मानेचा मणका सुरू झाला, जो एरवी कुत्र्याच्या संमतीने टाकून देतात.

"आज तिथे पोचलात की खाली उतरायचं," नुर्झान म्हणाली. "दोन्ही हातांनी बाबांचा हात धरायचा. मेंढ्या कशा आहेत विचारायचं. नाही जमलं, तर मी माहेरीच राहीन. तुम्ही पेडलांबरोबर संसार करा."

"अगं, म्हणूनच सायकलने जातो! ज्या सायकलवरून अपमान झाला, तिच्यावरूनच उतरेन. त्यात नाट्य आहे."

"नाट्य होणारच. मी केक घेऊन गाडीने मागून येते."

निम्म्या वाटेवर मेंढ्यांचा कळप आडवा आला. थांबलं तर पडणार, म्हणून कुबान मेंढपाळाभोवती गोल फिरू लागला.

"कोणाचा रे तू?" मेंढपाळाने जागच्या जागी वळत विचारलं.

"तोलोगोन आबांचा जावई!"

"मग असा गिधाडासारखा घिरट्या का घालतोस? उतर की!"

"घाईत आहे, काका!"

"घाईत आहे तर पुढे का जात नाहीस?"

कुबानने आणखी एक फेरी मारली. मेंढपाळाने कुमीसचा वाडगा पुढे केला. घोडीच्या आंबवलेल्या दुधाला नाही म्हणणं म्हणजे आणखी एक म्हातारा दुखावणं. कुबानने एका फेरीत वाडगा घेतला, दुसऱ्या फेरीत प्यायला, तिसरीत परत केला, आणि मेंढपाळाने तो चौथीसाठी भरून ठेवला. कळप सरेपर्यंत कुबानला गावाला जाणारे दोन रस्ते दिसू लागले होते. त्याने त्यातला जास्त रुंद निवडला.

सासऱ्यांच्या गल्लीत पॉप्लरच्या झाडांखाली बाकावर म्हातारे बसले होते, उंच पांढऱ्या टोप्या घालून. जावई येताना दिसला तसे तोलोगोन उठले आणि सगळ्यांना दिसेल अशा बेताने त्यांनी पाठ फिरवली.

कुबानने ब्रेक दाबला. बुद्धी म्हणाली, टाच बाहेर. रक्त म्हणालं, पाय मागे. "द्र्र्र!" कुबान ओरडला. सायकल थांबली, क्षणभर विचारात पडली आणि मग जुन्या राजवटीसारखी सावकाश कलली. कोसळणार हे सगळ्यांना दिसत होतं, करता कोणालाच काही येत नव्हतं. कुबान धूळ उडवत सासऱ्यांच्या टाचांशी पडला आणि आधाराला म्हणून त्याने दोन्ही हातांनी त्यांचा बूट धरला.

तोलोगोन वळले.

"इतकं खाली तर नवी नवरीसुद्धा वाकत नाही," बाकावरचा सापार म्हातारा हळूच म्हणाला.

"बाबा," कुबान धुळीतून म्हणाला, "मेंढ्या कशा आहेत?"

तोलोगोनच्या मिशा थरथरल्या. "बऱ्या आहेत. ऊठ."

कुबानने जोर लावला. त्याच्याबरोबर सायकलही उठली, आणि दोघं परत आडवे झाले.

"उठत नाहीये," सापारने बाकाला बातमी दिली.

"झालं गेलं विसरलो मी. ऊठ आता!"

"मला उठताच येत नाही हो, बाबा!"

"ऐकलंत?" सापारने शेजारच्याला कोपराने ढोसलं. "वर्षभराचं ओझं आहे पोराच्या मनावर."

"छातीचं हाड तुझं! आजपासून कायमचं!" तोलोगोन म्हणाले.

"हाडाचा प्रश्न नाही हो बाबा!"

"हाडही नको म्हणतो!" सापार उभा राहिला. "तोलोगोन, पोरगा असातसा उठायचा नाही. मोठ्या मनाचा असशील तर मोठं काहीतरी दे."

गल्ली भरली होती. बायका हात पुसत फाटकात आल्या होत्या. तोलोगोननी एकवार आकाशाकडे पाहिलं.

"करडा घोडा दिला."

त्या घोड्यावर तोलोगोननी सख्ख्या मुलालाही बसू दिलं नव्हतं. तेवढ्यात मागे गाडी थांबली. केकचा खोका घेऊन नुर्झान गर्दीतून पुढे आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, बापाच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि सत्य सांगण्यासाठी उघडलेलं तोंड शहाणपणाने मिटलं. केक सापारच्या हातात देऊन ती नवऱ्याच्या पायाशी बसली.

"उठा आता," ती लडिवाळपणे म्हणाली. "बाबा एवढं म्हणताहेत." आणि तिने हळूच त्याची एक टाच बाहेर वळवली. खट्ट. मग दुसरी. खट्ट.

कुबान उठला. टाळ्या पडल्या. एक म्हातारी तर रडलीच.

पंगतीत त्याला वरची जागा मिळाली, ताटात छातीचं हाड पडलं. सापारने भाषण ठोकलं, हल्लीच्या तरुणांनी या जावयाकडून शिकावं. नुर्झान मान ताठ करून चहा ओतत होती. आणि चौथ्या वाडग्यानंतर तोलोगोननी जावयाचा दंड धरून त्याला तबेल्यामागे नेलं.

"जावईबापू," ते दबक्या आवाजात म्हणाले, "पोरीने तुझी टाच वळवली तेव्हा काहीतरी खट्ट वाजलं. दोनदा. मी म्हातारा आहे, बहिरा नाही."

कुबानचा चेहरा दह्यासारखा झाला. "बाबा, घोडा मी परत—"

"घोड्याचं कोण बोलतंय? दिला तो दिला." तोलोगोननी ओढ्यापलीकडच्या निळ्या खिडक्यांच्या घराकडे पाहिलं. "तिथे माझा थोरला भाऊ राहतो. एका शिंगरावरून बोलणं तुटलं. चूक माझीच होती. आज सत्तरीलासुद्धा आला नाही. दहादा वाटतं जावं, वाकावं. फाटकापर्यंत जातो, आणि ही मेली पाठ वाकत नाही."

ते खाकरले. इकडेतिकडे पाहून त्यांनी आपला एक पाय जावयाच्या पायाशेजारी ठेवला आणि मापाचा अंदाज घेतला.

"बसतील," ते समाधानाने म्हणाले. "उद्या सकाळपुरती सायकल दे, आणि हे बूट. आणि हे बघ, टाच कुठे वळवायची ते मला अजिबात सांगू नकोस."