परीक्षेच्या दिवशीचं सूप

संशय घ्यावा तर मीच! आमच्या इमारतीत कोणाची सायकल गायब झाली, तर चोर कोण ते विचारायला लोक पोलिसांआधी माझ्याकडे येतात. त्यामुळे आमच्या लेकीच्या, दासोमच्या, परीक्षेच्या दिवशी घरात काहीही अशुभ घडू द्यायचं नाही, ही जबाबदारी मी स्वतःकडे घेतली.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" बायको, उन्सुक, म्हणाली.

"बापाला सांगावं लागत नाही!"

पोरीची ही दुसरी खेप. गेल्या वर्षी कॉलेज थोडक्यात हुकलं, मग वर्षभर बिचारी क्लासमध्ये पिचली. अख्ख्या कोरियाची कॉलेज-प्रवेशाची परीक्षा एकाच दिवशी. गेली की वर्ष गेलं! म्हणून महिनाभर घरात 'पडणे' आणि 'घसरणे' हे शब्द बंद. सासूबाई बाथरूममध्ये दाणकन आपटल्या, तरी आतून ओरडल्या, "काही नाही, जरा खाली बसले!"

आणि नेमका त्याच दिवशी सासूबाईंचा वाढदिवस! आमच्याकडे वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप हवंच. पण परीक्षेच्या दिवशी तेच बुळबुळीत सूप पोटात गेलं, की पोर परीक्षेत घसरलीच म्हणून समजा!

"आई, सूप उद्या प्या ना," मी सासूबाईंना म्हणालो.

"उद्या काय परत जन्माला येणार आहे मी?"

शेवटी तह झाला. दासोमचं मुळ्याचं सूप निळ्या पिशवीत. सासूबाईंचं शेवाळाचं लाल पिशवीत, आणि ते त्यांनी दुपारी म्हाताऱ्यांच्या क्लबात जाऊन प्यायचं.

सकाळी मी दबक्या पावलांनी स्वयंपाकघरात डोकावलो, तर सासूबाई निळ्या पिशवीतल्या डब्याचं झाकण लावत होत्या. वर गालातल्या गालात हसत होत्या! दाल में कुछ काला है, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. नातीच्या डब्यात शेवाळ!

त्या वळताच मी दोन्ही डब्यांची पटकन अदलाबदल केली. उघडून बघायचं होतं, पण झाकण घट्ट आणि दारात दासोम बूट घालून उभी. "बाबा, डबा!" दिला. दिवसभराची निश्चिंती!

दुपारी फोन वाजला.

"जावईबापू, माझ्या वाढदिवसाला मुळा?"

मी विचारलं, "पण... सकाळी तुम्ही त्या डब्यात काय घालत होतात?"

"चार मांसाचे तुकडे जास्तीचे. पोरीला ताकद नको?"

मी तसाच धावत सुटलो. परीक्षा होती त्या शाळेचं फाटक बंद! बाहेर आयांनी गजांना चिकट तांदळाची मिठाई थापून ठेवलेली, पोरं कॉलेजला अशीच चिकटावीत म्हणून. मी फाटकाला छाती लावली आणि जीव तोडून ओरडलो, "पोरी! सूप पिऊ नकोस! ओतून टाक!"

एक तरुण पोलीस धावत आला. "काका, शूऽऽ! जेवणाची सुट्टी संपली! इंग्रजी ऐकण्याची परीक्षा चालू आहे! आवाज नको म्हणून विमानंसुद्धा थांबवलीत वर, आणि तुम्ही?"

"विमानांचं मला काय सांगता? सूप!"

त्याने मला मागे ओढलं. मी येईना! म्हणजे मी तयार होतो हो, स्वेटर तयार नव्हता. तो मिठाईला असा चिकटला होता, की पोलिसाला वाटलं हा म्हातारा मुद्दाम अडून बसलाय. त्याने आणखी जोर लावला, मी आणखी बोंबललो, आणि शेवटी टर्रकन आवाज झाला.

संध्याकाळी दासोम आली. आल्या आल्या म्हणाली,

"सूप मस्त होतं! आजीचा वाढदिवस म्हणून मुद्दाम दिलंत ना? इतकं बरं वाटलं! सकाळचे पेपर सोपे गेलेच होते, दुपारी तर मी एकदम निवांत बसले."

माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे झालं की कॉलेज!"

"झालं असतं हो बाबा." तिचा आवाज एकदम रडवेला झाला. "इंग्रजीचे दोन प्रश्न ऐकूच आले नाहीत. बाहेर कोणीतरी ठार वेडा गळा काढून ओरडत होता."

उन्सुकने माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी माझ्या स्वेटरच्या भगदाडाकडे पाहिलं.

"मला विचाराल तर," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मला त्या पोलिसाचाच संशय येतोय!"