कोरड्या हवेतले दाजी

माझ्या दाजींच्या घरी चहा मिळायचा, पण कप ठेवायला जागा मिळायची नाही.

लातूरच्या त्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत मधोमध एक सागवानी टेबल होतं. चार माणसं आरामात जेवतील एवढं मोठं. त्यावर कुणी काही ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही. गरम कप टेकला की पॉलिशवर पांढरं वर्तुळ उमटतं, आणि मग दाजी त्या वर्तुळाकडं असे बघत बसायचे की पाहुण्याला वाटावं, आपल्या हातून या घरातलं माणूस दगावलं. त्यामुळं पाहुण्यानं बशी एका हातात, कप दुसऱ्या हातात धरायचा आणि दाजींचं बोलणं संपेपर्यंत तसंच बसायचं. एकदा आमचे एक चुलते रिकामा कप घेऊनच मागच्या अंगणात लघवीला गेले. परत आले तेव्हाही कप हातातच. "ठेवावा तर कुठं, बाबा?" म्हणाले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. नाव माणिकराव. मूळ मुखेडचे, महसूल खात्यात कारकून. त्यांच्या गोष्टी सांगून लग्नाकार्यात लोकांना हसवायचं काम आमच्या घरात माझ्याकडं होतं. शेवटची गोष्ट मात्र मी नेहमी गाळत आलो. तीत मी स्वतः आहे, आणि फारसा बरा दिसत नाही. आता माझंही वय झालं. सांगून टाकतो.

पॉलिश हा दाजींचा धंदा नव्हता. नोकरीही नव्हती. ती त्यांची खोड होती. नोकरीत बदल्या झाल्या, इस्लापूर, अहमदपूर, देगलूर, आणि प्रत्येक गावी एक खोली भाड्यानं घेऊन ते एकटे राहिले. अक्का मुखेडला. तिथं सासू होती, थोडी शेती होती, दोन मुली होत्या. मुली मुखेडातच वाढल्या आणि लग्न होऊन तिथूनच गेल्या. दाजी सणाला यायचे, दारं-खिडक्यांचं लाकूड बोटानं चाचपून बघायचे आणि परत जायचे. इस्लापूरच्या खोलीत म्हणे एक पाट होता. पहिला हात त्यांनी त्या पाटावर मारला.

हात म्हणजे पॉलिशचा एक थर. बाटलीत लाख आणि स्पिरिट घालून ठेवायचं, जुन्या मऊ धोतराच्या चिंधीत कापूस बांधून बोळा करायचा, बोळा त्यात भिजवायचा आणि लाकडावरून गोल गोल फिरवायचा. वाळलं की काचपेपर, मग पुन्हा हात. असे हातावर हात. माझ्या लग्नातलं धोतर या कामी गेलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मेहुणे, तुमच्या अंगावर त्याची इज्जत न्हवती."

माणसंही ते हातांवर मोजायचे. "त्यो? एका हाताचा गडी. पाणी पडलं की उघडा." आमचे वडील त्यांच्या मते सात हातांचे होते. त्यांच्या ऑफिसातल्या एका साहेबांविषयी ते म्हणायचे, "वरून वॉर्निश, आत समदी पुट्टी." मी किती हातांचा, हे मी कधी विचारलं नाही. उत्तराची भीती होती.

आणि त्यांची कसोटी एकच. पृष्ठभागावर वाकायचं आणि म्हणायचं, "मिशी मोजता आली पाह्यजे. खामखा चमक कामाची न्हाई. केस अन् केस येगळा दिसला पाह्यजे."

देगलूरला आमच्या एका मावसभावासाठी मुलगी बघायला गेलो होतो. सगळ्यांनी मुलीला रीतसर प्रश्न विचारले. दाजींनी मुलीकडं पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यातल्या कपाटावर वाकून मिशी बघितली आणि मुलीच्या बापाला विचारलं, "हे कुणी केलं?"

"पोरीनंच केलं जी, सुट्टीत."

"उठा," दाजी आम्हाला म्हणाले, "पसंत हाय." आमच्या मावशीनं तोंडाला पदर लावला. पुढं दुर्दैवानं ते लग्न उत्तम चाललं, त्यामुळं कुणालाच दाजींना काही बोलता आलं नाही.

लातूर नवा जिल्हा झाला, नव्या ऑफिसांना माणसं हवी होती, आणि दाजींची बदली तिकडं झाली. त्याच सुमाराला सासू वारली. शेत वाट्यानं दिलं आणि अक्का पहिल्यांदाच नवऱ्याच्या बदलीच्या गावी राहायला गेली. संसाराला लागून पंचवीसेक वर्षं झाल्यावर. मुखेडच्या बायका तिला चिडवायच्या, "नवी नवरी निघाली गं बाई!" अक्का लाजली होती. मी स्टँडवर पोचवायला होतो, म्हणून मला ठाऊक.

तिथं पोचली तर खोलीत हे टेबल. जुन्या सामानाच्या लिलावात दाजींनी घेतलेलं, शाईचे डाग पडलेलं, एका पायानं लंगडं. दाजींच्या मते ते निजामाच्या वेळचं होतं. दाजींच्या मते सगळं चांगलं लाकूड निजामाच्या वेळचं असायचं.

त्यानंतर पाऊस गेला. पुढच्या सालीही नीट आला नाही. विहिरी तळाला गेल्या, नळ खोकायला लागले, गल्लीत टँकर यायला लागला. अख्खा मराठवाडा आभाळाकडं बघत होता आणि एकटे दाजी खूश होते. कारण दमट हवेत हे पॉलिश दुधाळ पडतं. पावसाळा हा त्यांचा जन्माचा वैरी. "हवा काय कोरडी हाय!" असं ते भर गल्लीत, रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांसमोर म्हणाले. "सोनं हाय सोनं! अशी हवा जिंदगीत एकदा मिळती!" एका म्हातारीनं हातातली कळशी त्यांच्यावर उगारली होती म्हणतात. रिकामी होती, म्हणून वाचले.

हवा कोरडी, पण धूळ. नव्या जिल्ह्यात जिकडं तिकडं खोदकाम, खडीचे ट्रक, अर्धवट रस्ते. ओल्या पॉलिशवर एक कण बसला तरी हात वाया. त्यावर दाजींचा उपाय असा, की हात मारायच्या आधी खोलीभर फरशीवर पाणी शिंपडायचं, म्हणजे धूळ खाली बसते. पाणी अर्थातच अक्कानं टँकरखाली उभं राहून आणलेलं.

पहिल्यांदा तिनं सोसलं. दुसऱ्यांदा भांडी आपटली. उन्हाळ्यात एके दिवशी लातूरहून कंधारला येणाऱ्या गाडीचा कंडक्टर आमच्या दुकानाशी थांबून म्हणाला, "तुमच्या अक्काचा निरोप हाय. येऊन घेऊन जा म्हणल्या. लई तापल्यात."

खरं सांगायचं तर मला अक्का कंधारला नको होती. आमच्याकडंही पाण्याची बोंब, माझी बायको आधीच कातावलेली, घर लहान. बहीण नवऱ्याला सोडून निघाली हे ऐकून मला पहिल्यांदा आठवली ती आमच्या घरातली रांजणाची पातळी. हे मी आजवर बायकोलाही बोललो नव्हतो. आणायला नव्हे, समजूत घालायला मी गेलो.

दुपारी पोचलो. फरशी नुकतीच शिंपडलेली, दाराच्या फटीत ओल्या चिंध्या, आणि दाजी बनियनवर टेबलावर वाकलेले. बोळा गोल गोल फिरत होता.

"या मेहुणे. दार लावा आदी. धूळ येऊन राहिली."

अक्का आतल्या खोलीच्या उंबऱ्यात पिशवी घेऊन उभी. "बघितलं का दिगू? मी उन्हात उभं राहून एक घागर आणली. प्यायच्या आदी फरशीला पाजली ह्यांनी."

"फरशीला न्हाई, धुळीला," दाजी मान वर न करता म्हणाले. "शेवटचा हात हाय."

"शेवटचा, शेवटचा! संक्रांतीपासून शेवटचाच हाय!"

"दाजी," मी म्हणालो, "जरा बसून बोला की तिच्याशी."

"बोलतो की. आता बोळा थांबवता येत न्हाई. जिथं थांबला तिथं चिकटतो, कापूस धरून बसतो. समदं खरडावं लागतं मंग. हेवढा हात होऊ द्या."

"मी निघाले," अक्का म्हणाली.

"हाव," दाजी म्हणाले. बोळा फिरतच होता. त्यांनी ऐकलं होतं की नाही, मला कळलं नाही.

स्टँडवर बसलो. अहमदपूरवरून जाणारी गाडी यायची होती. तापलेल्या बाकावर अक्का पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बराच वेळ मी मनात घोळवलं आणि शेवटी म्हणालोच, "अक्का, आमच्याकडं पण पाण्याचं काही खरं न्हाई बघ."

ती माझ्याकडं बघून हसली. ते हसणं मला अजून खुपतं. "म्हाईत हाय मला. पाण्यासाठी निघाले का मी? पाणी काय, आज न्हाई उद्या पडंल." मग पिशवीचे बंद ओढत म्हणाली, "मी आले तवापासून ह्या माणसानं माझ्याशी धड चार शब्द काढले न्हाईत, दिगू. ऑफिसातून येतेत, टेबलाम्होरं उभं ऱ्हातेत. ह्यांना राग आला असता तर भांडले तरी असते. हितं भांडायला बी कुणी न्हाई. मुखेडात ह्यांच्यावाचून हुते, पर तिथं एकली कशी हुते?"

तेवढ्यात गाडी आली. टपापर्यंत भरलेली. कंडक्टरनं दारही उघडलं नाही, नुसता हात हलवला. पुढची गाडी संध्याकाळी. "चल, सावलीला तरी बसू," म्हणून मी तिला घराकडं वळवलं. सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता. बायकांची रांग, घागरींचा खणखणाट, आणि रांगेत मधोमध दाजी. बनियनवरच. हात कोपरापर्यंत लाखेनं तांबूस झालेले, आणि कडेवर लेकरू घ्यावं तशी अक्काची घागर धरलेली.

"काका, हितं पालिश भेटत न्हाई," एक बाई म्हणाली. रांग हसली.

"मालकीण कुठाय?" दुसरीनं विचारलं. "पळून गेली का टेबलाला भिऊन?"

"गावाला गेलीया," दाजी म्हणाले. आवाज एवढा हळू, की आधी मला तो त्यांचा वाटलाच नाही. "यील. ही पाळी तिची हाय. एक टँकर चुकला की घागर मागं लावता तुम्ही. ती आल्यावर तिला शेवटाला उभं ऱ्हावं लागंल. म्हणून धरून उभा हाय."

अक्का माझ्या शेजारी थांबली होती. मग ती सरळ पुढं गेली, त्यांच्या हातातून घागर घेतली आणि म्हणाली, "सरका. अशी धरतेत का घागर?" दाजी सरकले. पण गेले नाहीत. घागर भरेपर्यंत तिच्या मागं उभे राहिले.

खोलीत आलो. टेबलावर बोळा होता तिथंच चिकटलेला, भोवती कापसाचे तंतू. इतक्या महिन्यांच्या कामात मधोमध डोळ्याएवढा खड्डा. दाजींनी तिकडं पाहिलं आणि पाठ फिरवून खुर्चीवर बसले. समोरच्या खुर्चीवर अक्का बसली. हात मोकळे असलेले दाजी मी प्रथमच बघत होतो. ते हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मांडीवर ठेवले, काखेत घातले, पुन्हा मांडीवर.

"बोला की," अक्का म्हणाली.

दाजी विचारात पडले. "काय बोलायचं असतं?"

"काय बी."

"उदाहरणार्थ?"

मला हसू आलं, आणि मी ते गिळलं. कारण ते थट्टा करत नव्हते. इस्लापूरपासून देगलूरपर्यंत संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर या माणसाशी कुणी बोललेलं नव्हतं, आणि आता विचारायचं वय निघून गेल्यावर तो विचारत होता.

अक्कालाही ते कळलं असावं. पदरानं कपाळ पुसत ती म्हणाली, "आज टँकरवर काय झालं, ते इचारा."

"आज टँकरवर काय झालं?" ते स्वतः तिथं होते, तरी त्यांनी शब्दन् शब्द विचारलं.

अक्का सांगायला लागली. कुणाची घागर फुटली, कोण कुणाच्या पुढं घुसलं, कळशी उगारणाऱ्या म्हातारीच्या सुनेला दिवस गेलेत. तिला सांगायला बरंच होतं. मी संध्याकाळच्या गाडीसाठी उठलो. कुणी 'बसा' म्हणालं नाही. बाहेर पायरीवर चपला शोधत होतो, तेव्हा आतून, जरा थांबून, अडखळत, दाजींचा आवाज आला:

"मंग?"