अण्णांची पट्टी

आमच्या शेजारचे अण्णा कुणाच्याही घरी गेले की पाणी नंतर पितात, आधी कॉम्प्युटरचा पडदा बघतात. माझ्या पडद्यावर प्रोग्रामांच्या चित्रांची एवढी गर्दी होती की मागचा गणपती फक्त सोंडेपुरता दिसायचा. अण्णा म्हणाले, "दिनू, हा देवाचा फोटो आहे की मासळीबाजार?"

मग उपाय आलाच. इंटरनेटवर फुकट मिळणारा एक छोटा प्रोग्राम. कंट्रोल आणि स्पेस एकदम दाबलं की पडद्यावर मधोमध एक रिकामी पट्टी येते. तिच्यात आपण ठरवलेलं टोपणनाव लिहायचं, एंटर मारायचा, की तो प्रोग्राम हजर. अण्णांनी हिशेबाच्या प्रोग्रामला 'सासरा' म्हटलं होतं, बँकेला 'उपास'. बोरीवलीतल्या आमच्या बिल्डिंगीत त्यांनी ही पट्टी दारोदार जाऊन बसवली, पोलिओचा डोस द्यावा तशी. "फुकट आहे म्हणून नाय देत हां," हे ठरलेलं वाक्य. "झकास आहे म्हणून देतोय."

आम्ही मागून हसायचो. सगळ्यात जास्त मी.

गेल्या वर्षी अण्णांच्या बायकोला, आमच्या काकूंना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. डाव्या हातात माऊस ठरेना, आणि 'जरा हे लावून द्या' असं कुणाला म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. तेव्हा अण्णांनी पट्टी त्यांच्या हाती दिली. दोन बटणं, मग एखादं अक्षर. भजनं, नाटकं, बंगळूरच्या मुलाला व्हिडिओ कॉल, सगळं काकू स्वतः उघडायला लागल्या.

आणि एका रविवारी पट्टी उघडेना.

अण्णांनी मला बोलावलं. बिल्डिंगीत माझी कॉम्प्युटरवाला म्हणून ख्याती आहे. ती कशी झाली ते मला आजतागायत कळलेलं नाही. बंद करून चालू करणं एवढंच मला येतं, पण ते मी कपाळाला आठ्या घालून करतो. काकू बाजूला बसून बघत होत्या. बंद-चालू करूनही जमेना, तेव्हा मी पट्टी काढून टाकली आणि पुन्हा घातली. मधेच पडद्याने विचारलं, 'जुनं सगळं पुसू का?' मी न वाचताच 'हो' दाबलं.

तरी ढिम्म. मग कारण दिसलं. अण्णांनी आदल्या दिवशी मराठी टायपिंग घातलं होतं, आणि भाषा बदलायला त्यानेही तीच दोन बटणं धरली होती. मी पट्टीची बटणं बदलली. पट्टी उघडली. पण आतून कोरी. टोपणनावं साफ.

"अपडेटमुळे झालं असेल," मी पुटपुटलो.

काकूंनी डाव्या हाताने एक अक्षर दाबलं. काही नाही. परत दाबलं. मग हात मांडीवर ठेवून दिला.

ते मला बघवेना. आयुष्यात फार कमी वेळा तोंड उघडलंय मी. त्या दिवशी उघडलं. "अण्णा, अपडेट नाही. मीच पुसलं. मला यातलं काही येत नाही."

"माका म्हायत होता रे."

"मग मला बोलावलंत कशाला?"

"तू निदान गप्प बसून बिघडवतोस. तिसऱ्या मजल्यावरचा भाषण करत बिघडवतो."

मी काकूंची टोपणनावं विचारली. भरून द्यावीत म्हटलं, तेवढंच प्रायश्चित्त. अण्णांनी मान हलवली. "तिने ठेवलेली ती. मी कधी बघितली नाय." त्यांनी प्रोग्रामांची यादी उघडली, प्रत्येकासमोर नावाची रिकामी चौकट. खुर्ची पुढे सरकवली. "घाल गो तुझी तू." आणि मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

चहा झाला. बाहेरच्या खोलीतून बटणाचा एक आवाज, बराच वेळ काही नाही, मग दुसरा.

"जाऊ का मदतीला?"

"बस मेल्या."

शेवटी बाहेरून कॉलची रिंग ऐकू आली. मग मुलाचा आवाज. "आई? तू लावलास?"

"मी."

"आणि बाबा कुठेत?"

काकूंना शब्द जुळवायला वेळ लागला. "घरात... नाय."

एरवी मुलाचा कॉल आला की काकूंना बाजूला सारून स्वतःच बोलत सुटणारा हा माणूस. कप बशीत ठेवता ठेवता थांबला. आवाज होईल म्हणून तसाच हातात धरून राहिला. माझ्याकडे बघत त्याने ओठांवर बोट ठेवलं, आणि कॉल संपेपर्यंत आम्ही दोघं ओट्याला टेकून, श्वास जपून घेत, घरात नव्हतो.